अक्कांचा मॅग्नेट

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या कारखान्यात गिरिजाक्का पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी साधा नमस्कारही केला नाही. टेबलावर स्टेनलेसचे काही बोल्ट नमुन्यासाठी काढून ठेवले होते. त्यांनी खुर्ची ओढली, पर्समधून दोऱ्याला बांधलेला हरभऱ्याएवढा मॅग्नेट काढला आणि तो लंबकासारखा एकेका बोल्टाजवळ धरायला लागल्या. पहिल्या बोल्टापाशी दोरा सरळ राहिला. दुसऱ्यापाशी किंचित कलला. तिसऱ्याला मॅग्नेट टक्कन जाऊन चिकटला.

"चिकटतंय की हो," त्या म्हणाल्या. "ह्याला स्टेनलेस म्हणता व्हय?"

"मॅडम, स्टेनलेसच आहे. गंजला तर कारखान्याची पाटी उतरवीन."

"गंजायचं कोण बोलतंय? मला मॅग्नेटला दाद न देणारं पायजे. आटे पाडताना तुम्ही ह्याला इतकं दाबलंय की त्याचा स्वभावच बदललाय. दुसरे आणा."

एवढं बोलून त्यांनी बोल्ट बाजूला सारले आणि मग विचारलं, "तुमीच नव्हं शंकरराव? मी गिरिजा मगदूम. जयसिंगपूरचा."

होय, 'जयसिंगपूरचा'. आमच्याकडच्या पुष्कळ बायका स्वतःविषयी बोलताना 'मी आलो', 'मी गेलो' असंच म्हणतात. गिरिजाक्का परदेशात शिकल्या, देशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ झाल्या, तिथे दिवसभर इंग्रजी बोलल्या, पण मराठीत आल्या की 'मी करतो' आणि 'मी सांगतो' कधी सुटलं नाही. प्रयोगशाळेतले पुणेकर त्यावर हसायचे. "हसू देत," त्या म्हणायच्या. "तेवढाच त्यांना व्यायाम."

तो दोऱ्याचा मॅग्नेट त्यांच्याजवळ कायम असायचा. हॉटेलातला चमचा, एस.टी.ची दांडी, कुणाच्या घरचा पाण्याचा तांब्या, काही सुटायचं नाही. एकदा आम्ही सहकुटुंब जोतिबाला निघालो होतो, त्यांनाही बरोबर घेतलं. देवळाच्या पायऱ्यांवर गर्दी गुलाल उधळत होती आणि या बाई वाटेतल्या कठड्याला मॅग्नेट लावून बघत होत्या. माझी बायको हळूच म्हणाली, "ह्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, "आहे. तेच तर दुखणं आहे."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. माझा धंदा पंपाच्या मोटरींच्या पत्र्यांचा. पोलादाचे पातळ पत्रे प्रेसवर डायमध्ये, म्हणजे साच्यात, कापायचे आणि एकावर एक रचून त्यांचा गाभा करायचा. अक्का प्रयोगशाळेसाठी विजेवर चालणारा एक मॅग्नेट करून घ्यायला आल्या होत्या, त्याचा गाभाही तसाच पत्र्यांचा होता. प्रयोगशाळेच्या स्वतःच्या वर्कशॉपात त्यांच्या कामाचा नंबर केव्हा लागणार हे कुणी सांगत नव्हतं. इकडे जयसिंगपूरला त्यांची आई, जिला त्या अव्वा म्हणत, मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळली होती. असलं काम कोल्हापुरातच होऊ शकतं हे अक्कांनी वरच्यांच्या गळी उतरवलं. महिन्यातून आठ-दहा दिवस त्या जयसिंगपुरात राहायच्या आणि सकाळच्या गाडीनं माझ्याकडे यायच्या.

हा मॅग्नेट कशासाठी, हे त्यांनी मला आणि माझ्या बाळू मिस्त्रींना पहिल्याच आठवड्यात समजावलं. मिस्त्री म्हणजे माझा डाय करणारा कारागीर. अक्का सांगू लागल्या, "आमच्याकडं एक मोठी गोल नळी हाय. आतली हवा काढलेली. तिच्यात इलेक्ट्रॉनचा झोत गरागरा फिरत असतो. त्यात नवीन झोत आणून मिसळायचा. आता तुमी कागलच्या फाट्यावर उभं ऱ्हावा. गावातनं एस.टी. येतीया, ती हायवेला लागणार. तिला वळवायला पायजे. पर हायवेवरनं ज्या गाड्या सुसाट चालल्यात त्यांना त्या वळणाची झळ लागता कामा न्हाय. दोन्ही रस्ते अगदी खेटून. मधी फकस्त एक तांब्याचा पत्रा. पत्र्याच्या अलीकडं जोरदार मॅग्नेट, पलीकडं काय न्हाय."

"थोडंफार तर जाणारच की पलीकडं," मिस्त्री म्हणाले.

"न्हाय. काय न्हाय म्हंजे काय न्हाय."

"आणि आतला झोत बाहेर काढायचा असला तर?" मी विचारलं.

"हेच उलटं. हायवेवरनं गावात. पत्रा त्योच, दुखणं त्येच."

दुखणं काय ते आम्हाला लवकरच कळलं. तो तांब्याचा पत्रा जाडीला जेमतेम दोन मिलिमीटर, आणि त्यातून क्षणभरासाठी हजारो अँपिअर करंट सोडायचा. पत्रा जाड केला तर झोत त्याच्यावर आपटणार. पातळ केला तर तो तापणार, हलणार, तुटणार. गाभ्याच्या पत्र्यांत केसभर फरक पडला तरी चुंबकाचा जोर पलीकडे झिरपणार. अक्कांनी या मॅग्नेटचं डिझाइन स्वतः केलं होतं, त्यावर कित्येक वर्षं घालवली होती, आणि ते त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की आमच्या हातून होणारी प्रत्येक गोष्ट त्यांना त्याची विटंबनाच वाटायची.

पहिला गाभा मिस्त्रींनी जीव ओतून केला. अक्का आल्या, चष्मा कपाळावर चढवला, पत्र्यांच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाल्या, "बर हाय." बर म्हणजे पत्रा कापताना कडेला राहते ती धारदार कोर.

मी म्हटलं, "अक्का, अगदी नावाला आहे. जवळजवळ नाहीच."

"जवळजवळ म्हंजे न्हाय. परत करा."

दुसऱ्या गाभ्याला बर नव्हती, पण रचताना तो एका बाजूला कागदाच्या जाडीइतका झुकला होता. तोही गेला. तिसऱ्या वेळी पत्र्यांची नवी खेप जुन्यापेक्षा वेगळी निघाली. त्या वेळी माझाही तोल सुटला. प्रेस दिवसभर या एका कामाला अडकलेली, पंपवाल्यांचे फोनवर फोन, आणि बाई नख फिरवून 'परत करा' म्हणतात. मी म्हणालो, "अक्का, ह्यात काडीचा दोष नाही. हेच पत्रे पंपात वर्षानुवर्षं चालतात."

"पंपाला पाणी वर चढवायचंय. चढतंय. मला इलेक्ट्रॉन वळवायचेत. भौतिकशास्त्राला तुमचा गोड स्वभाव कळत न्हाय, शंकरराव."

माझा स्वभाव त्या वेळी अजिबात गोड राहिला नव्हता. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्या मात्र दोन्ही दिवस आल्या, मिस्त्रींच्या शेजारी स्टूल टाकून बसल्या, पत्रे एकेक करून तपासले, निवडले, आणि जाताना माझ्या दारात डोकावून "येतो" म्हणाल्या. रागात असलेल्या माणसाशी कसं वागायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. तो रागावलाय हेच त्यांच्या लक्षात यायचं नाही.

पुढे एकदा जयसिंगपूरला त्यांच्या घरी जाण्याचा योग आला. भाऊ मिरची-हळदीचा व्यापारी, घरात सगळीकडे तो वास. अव्वा खाटेवर टेकून बसलेल्या, कपाळाला भस्म, गळ्यात चांदीचं लिंग. म्हातारी अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायची. अक्कांनी बरोबर लाकडाचा एक नमुना आणला होता, मॅग्नेटच्या आकाराचा. अव्वांनी तो उलटसुलट केला.

"एन इदु?" हे काय, त्यांनी विचारलं.

"मॅग्नेट, अव्वा. माझा."

"हे फिरतंय काय?"

"न्हाय."

"उजेड पडतोय काय?"

"न्हाय, अव्वा."

"मग करतंय काय हे?"

"वळवतंय."

अव्वांनी माझ्याकडे पाहिलं. "बघा पावणं. लग्न न्हाय केलं, घर न्हाय केलं. मला वाटलं तिकडं कायतरी मोठं करतीया. तर ही वळवतीया." मग नमुना लेकीच्या हातात परत देत म्हणाल्या, "नीट वळव मग. अर्धवट करू नको."

अक्का हसल्या. मी त्यांना हसताना फार कमी पाहिलं. अव्वा पुढच्या दिवाळीआधी गेल्या. मॅग्नेट तेव्हा माझ्या कारखान्यात सुट्या भागांत पडला होता.

गाभा एकदाचा जमला. मग तांब्याच्या पत्र्याचं प्रकरण सुरू झालं. प्रयोगशाळेतून करंटचे ठोके देणारं यंत्र आलं. ते चालू केलं की मॅग्नेटमधून टक्, टक्, टक् असा आवाज यायचा. प्रत्येक ठोक्याला तांब्याचा पत्रा बाहेरच्या अंगाला ढकलला जायचा आणि परत जागेवर यायचा. दिवसच्या दिवस ते टक्टक् चालू. कामगार त्या तालावर गाणी म्हणायचे. एका दुपारी आम्ही डबे उघडून बसलो होतो आणि आवाज बदलला. अक्का हातातली भाकरी टाकून धावल्या. पत्रा टोकाच्या जोडापाशी तडकला होता.

दुसरा केला, तोही तिथेच तडकला. तिसऱ्या वेळी जोड भट्टीत घातला आणि ऐन वेळी वीज गेली. भट्टी थंड झाली, तांबं आणि जोडाचा धातू यांचा काळपट गोळा बाहेर आला. त्या दिवशी मी सरळ सांगितलं, "अक्का, मला हे झेपणार नाही. तुम्ही दुसरीकडे बघा. बाहेरच्या देशातून मागवा. तुमच्या त्या गोल नळीला, रिंगला, आज जो जुना मॅग्नेट आहे तोसुद्धा तिकडूनच आणलेला आहे ना?"

अक्का भडकल्या. "त्यो जुना तापतोय म्हणून तर हे चाललंय! आमचे साहेब बी ह्येच म्हणतात, मागवा. साहेब म्हंजे पावणं. येतात, चहा पितात, 'मागवा' म्हणतात आन् जातात. तुमी बी तसलंच बोलाय लागला व्हय?"

"मी सात महिने..." मी सुरुवात केली.

"मी अकरा वर्षं!" त्या ओरडल्या. सगळा कारखाना थांबला. प्रेसवरच्या माणसानं पायाखालचा पेडल सोडला. अक्का बाहेर गेल्या आणि चिंचेखाली पडलेल्या रिकाम्या पिंपावर जाऊन बसल्या.

बऱ्याच वेळानं मिस्त्री त्यांना चहा घेऊन गेले. परत आले ते म्हणाले, "मालक, अक्का तुमास्नी बोलवत्यात."

मी गेलो. माफी वगैरे काही नव्हतं. त्या जमिनीवर काडीनं आकृती काढत होत्या. "चूक तुमची न्हाय. भट्टीची बी न्हाय. माझी हाय. मी त्याला दोन्ही टोकांना घट्ट धरून ठेवलंय. त्याला हलायचं हाय, मी हलू देत न्हाय, म्हणून त्यो तुटतोय. एका टोकाला बाक द्या. हलू दे त्याला."

"आणि करंट?"

"करंट जाईल की बाकातनं. त्याला काय, वाट मिळाली म्हंजे झालं."

पुन्हा सगळी गणितं केली, पुन्हा आकृत्या, पुन्हा डाय. बाक दिलेला पत्रा बसवला आणि टक्टक् सुरू झालं. आठवडा गेला, दोन गेले, पावसाळा उलटला. आवाज बदलला नाही. मग पत्र्याच्या पलीकडे मोजणीची बारीक गुंडाळी धरून अक्कांनी मीटरकडे पाहिलं. अलीकडे पूर्ण जोर होता. पलीकडे सुई जागची हलली नाही. मिस्त्रींना वाटलं मीटरच बंद आहे. त्यांनी टिचकी मारली.

"चालू हाय," अक्का म्हणाल्या. "सुईला तिथं हलायला काय न्हाय." आणि त्यांनी त्या गाभ्यावर, अगदी म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा, सबंध पंजा ठेवला.

मॅग्नेट प्रयोगशाळेला पाठवायच्या दिवशी कामगारांनी त्याच्या पेटीला हळदकुंकू लावलं, हार घातला. नारळ फोडायला अक्कांनी आधी सपशेल नकार दिला, पाणी आत जाईल म्हणून. शेवटी फाटकाबाहेर, ट्रकच्या चाकापाशी फोडू दिला.

मॅग्नेट बसवायच्या वेळी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. वर्षातून एकदा मशीन देखभालीसाठी बंद ठेवत, त्या काळात जुना मॅग्नेट काढून आमचा बसवला. ती रिंग मी पहिल्यांदा पाहिली. आमच्या शेडमधून गेलेली ती पेटीएवढी वस्तू त्या अवाढव्य वर्तुळाला एका जागी चिकटलेली, आणि तिच्याशेजारी अक्का, नव्या इरकलीत. एरवी त्या नेसल्यासारखी साडी नेसत नसत.

मशीन सुरू झालं. कंट्रोल रूममध्ये पडद्यावर सगळ्यांचे डोळे. नवा झोत आला, मॅग्नेटपर्यंत पोचला, आणि रिंगमध्ये काहीच दिसेना. पुन्हा सोडला. पुन्हा नाही. संध्याकाळपर्यंत सगळी बटणं फिरवून झाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी लोकांनी पडद्याकडे बघायचं सोडलं आणि अक्कांकडे बघायला लागले.

त्यांचे विभागप्रमुख सज्जन गृहस्थ होते, आवाज कधी चढायचा नाही. ते म्हणाले, "गिरिजाताई, यात वैयक्तिक काही घेऊ नका. स्थानिक कारखान्यात केलेली वस्तू आहे, थोडंफार होतंच."

मी तिथेच उभा होतो.

"काय होतं थोडंफार?" अक्कांनी विचारलं. "मी मोजलंय. इथं आणल्यावर परत मोजलंय. मॅग्नेट बरोबर आहे. झोत दुसरीकडे अडतोय."

"इतकी वर्षं अडला नाही, नेमका आत्ताच?"

"अडला. शोधा."

शोधायला कुणाला वेळ नव्हता. देशभरातले संशोधक त्या झोतावर प्रयोग करायला येऊन ताटकळत होते. आमचा मॅग्नेट उतरवायचा आणि जुना परत चढवायचा असं ठरलं. अक्का त्या चर्चेत पुन्हा पुन्हा एकच वाक्य बोलत राहिल्या, मॅग्नेट बरोबर आहे. सुरुवातीला ठामपणे, मग चिडून, मग चिडल्याचं कुणी मनावर घेत नाही हे कळल्यावर नुसतंच. दुसऱ्या दिवशी मी कोल्हापूरला परत निघालो. गाडीत बसेपर्यंत त्या बरोबर होत्या. म्हणाल्या, "मिस्त्रींना काय सांगू नका अजून."

आठ-दहा दिवसांनी त्यांचा फोन आला.

"सापडलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"जुना बसवला. तरीबी झोत येईना. मग त्यांना शोधावं लागलं. आपल्या मॅग्नेटच्या पुढं नळीत एक पट्टी हाय. झोत पडला की चमकणारी. बघायचं असलं की आत ढकलायची, न्हाईतर बाहेर. तिचा दांडा वाकलाय. पट्टी निम्मी आतच ऱ्हायलेली. आन् पॅनलवरचा दिवा म्हणतोय, बाहेर हाय. सगळ्यांनी दिव्यावर इस्वास ठेवला."

"म्हणजे आपला मॅग्नेट ठीक होता!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की मिस्त्री आत आले.

"होता."

"मग आता परत बसवणार ना?"



"न्हाय," त्या म्हणाल्या. "जुन्यावर झोत आलाय. मशीन चालू झालंय. चालू मशीनला हात लावायचा न्हाय म्हणतात."

पुढची कितीतरी वर्षं ते वाक्य अक्कांच्या मागे लागलं. आमचा मॅग्नेट गोदामात गेला, प्लॅस्टिकच्या आवरणाखाली. दर वर्षी मशीन देखभालीला बंद झालं की अक्का अर्ज करायच्या, या वेळी बसवू या. एकदा उत्तर आलं, रिंगमध्ये दुसरं मोठं काम आहे. एकदा, विभागप्रमुख बदललेत, नव्यांना बघू द्या. नवे म्हणाले, जुना तापतो खरा, पण चालतोय ना? एका वर्षी जवळजवळ ठरलं होतं. अक्कांनी मला फोन करून मिस्त्रींना घेऊन या म्हणून सांगितलं, मिस्त्रींनी नवा शर्ट शिवला, आणि निघायच्या आदल्या दिवशी ते रद्द झालं. मिस्त्री तो शर्ट घालून कारखान्यात आले.

"तुमच्याबद्दल कुणी वाईट तर बोलत नाही ना?" मी एकदा अक्कांना विचारलं.

"वाईट बोलले असते तर भांडलो असतो. सगळे चांगलंच बोलतात. 'मॅडमचा मॅग्नेट उत्तम आहे.' उत्तम हाय आन् गोदामात हाय. ह्यावर कुणाशी भांडू?"

सुटीला जयसिंगपूरला आल्या की त्या माझ्याकडे चक्कर टाकायच्या. कारखाना आता मोठा झाला होता, शिरोलीला दुसरी शेड झाली होती. खरं सांगायचं तर त्यांच्या कामानं आमच्या हाताला जे वळण लागलं त्यावर आम्ही पुढे मोठ्या कंपन्यांची कामं मिळवली. हे मी त्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरं झालं. तुमचं तरी वळलं." त्यांच्या बोलण्यात आता सारखी कशावर तरी कुरकुर असायची, चहा गोड, रस्ता खराब, नवी पोरं कॉम्प्युटरच्या चित्रावर भाळणारी. माझा मुलगा वैतागून म्हणाला होता, "बाबा, या बाईंना काहीच आवडत नाही का?" तो लहान होता.

निवृत्तीच्या समारंभाला मी गेलो होतो. शाल, श्रीफळ, भाषणं. पडद्यावर आमच्या मॅग्नेटचा फोटो दाखवला आणि देशी तंत्रज्ञानाचा उत्कृष्ट नमुना म्हणून टाळ्या झाल्या. अक्का बोलायला उठल्या. म्हणाल्या, "फोटो चांगला आलाय. वस्तू गोदामात डाव्या हाताच्या कोपऱ्यात आहे. प्लॅस्टिक फाटलंय, तेवढं बदला." आणि बसल्या. कुणाला हसू आलं, कुणाला वाटलं त्या थट्टा करताहेत. प्लॅस्टिक कुणी बदललं की नाही, मला माहीत नाही.

अक्का गेल्या त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. त्या जयसिंगपुरात भावाच्या घराच्या वरच्या खोल्यांत एकट्या राहत होत्या. हृदय थकलं होतं, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती. एक दिवस त्यांचा निरोप आला, जमलं तर या. मी गेलो तर त्या फोन पुढ्यात घेऊन बसलेल्या.

जुना मॅग्नेट अखेर फुटला होता. त्याला थंड ठेवणारं पाणी आतून गळायला लागलं होतं, आणि परदेशातून दुसरा यायला वर्ष लागलं असतं. गोदामातला मॅग्नेट बाहेर काढला होता. देशपांडे नावाची एक इंजिनिअर बाई आता ते काम बघत होती. ती अक्कांच्या निवृत्तीनंतर लागलेली. तिनं अक्कांना 'या' म्हणून विनवलं होतं.

"आता या म्हणतात," अक्का मला म्हणाल्या. "आता मला जिना उतरवत न्हाय."

त्या आठवड्यात फोन दिवसातून दोन-तीनदा यायचा. अक्का खुर्चीत सरळ बसून, डोळे मिटून सांगायच्या. कुठला भाग आधी धरायचा, पाण्याची नळी कुठून घ्यायची, बाकाच्या टोकाला कुठे आवळायचं आणि कुठे मोकळं सोडायचं. "न्हाय न्हाय, घट्ट करू नका. हलू द्या त्याला." त्यांचा आवाज चढला की धाप लागायची. भावजय दारातून मला खुणा करायची, बंद करा म्हणून. मी कसा बंद करणार? काही बारकावे त्यांना आठवले नाहीत तर मी सांगायचो, मला नाही आठवले तर मिस्त्रींना फोन लावायचो.

ज्या दिवशी मशीन सुरू होणार होतं त्या दिवशी मी सकाळीच जाऊन बसलो. भावजयीनं पोहे दिले. अक्कांनी खाल्ले नाहीत. दुपारी फोन वाजला. देशपांडेबाई इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की मला बाजूला बसून ऐकू आलं.

"मॅडम, आला! पहिल्याच झटक्यात आला! फिरतोय! इथे सगळे टाळ्या वाजवताहेत, ऐका, ऐका!"

फोनमधून टाळ्यांचा बारीक आवाज आला. अक्का ऐकत राहिल्या.

"मॅडम? ऐकताय ना?"

"ऐकतोय की. चांगलं झालं. तुम्ही छान काम केलं." मग म्हणाल्या, "ठेवू का आता? गॅसवर भाजी हाय, करपतीया."

गॅसवर काही नव्हतं. स्वयंपाकघर खाली होतं.

मला काय करू आणि काय नको असं झालं होतं. मी उठलो. "अक्का, मी पेढे घेऊन येतो. मिस्त्रींना फोन करतो. रडतील ते. अहो, पहिल्याच झटक्यात!"

"बसा हो," त्या म्हणाल्या.

मी बसलो. त्या फोन मांडीवर धरून, बोटांनी त्याची बटणं उगीचच चाचपत होत्या. खालच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून चालला होता, तो लांब जाईपर्यंत त्या थांबल्या.

"तवाबी आला असता की, शंकरराव," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी आला असता."